पायथॉनमध्ये कळ ओळखणे आणि तिची नोंद ठेवणे : विंडोज, लिनक्स आणि मॅक

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठी टंकलेखनाचा सराव करून घेणारा एक छोटा प्रोग्राम पायथॉनमध्ये लिहायचा आहे. विद्यार्थ्याने कळ दाबताच, एंटरची वाट न पाहता, ती प्रोग्रामला समजली पाहिजे. प्रत्येक कळ केव्हा दाबली आणि केव्हा सोडली याची नोंद फाइलमध्ये झाली पाहिजे. आणि हाच प्रोग्राम विंडोज, उबुंटू आणि मॅक या तिन्हींवर चालला पाहिजे. प्रश्नकर्त्यांनी त्यासाठी पिनपुट ही लायब्ररी वापरून पाहिली. विंडोजवर ती लगेच चालली. उबुंटूवर काही खिडक्यांमधल्या कळा तिला मिळतात आणि काहींमधल्या मिळत नाहीत. मॅकवर ही प्रक्रिया विश्वासार्ह नसल्याची एक ओळ छापली जाते आणि पुढे काहीच घडत नाही. यात कोडची चूक किती, लायब्ररीची किती आणि योग्य मार्ग कोणता, असे त्यांनी विचारले आहे.

कोडमध्ये चूक नाही आणि लायब्ररीही तिच्या परीने बरोबर वागते आहे. अडचण निवडीत आहे. पिनपुट संपूर्ण संगणकावरच्या कळा ऐकते, आणि सरावाच्या प्रोग्रामला फक्त स्वतःच्या खिडकीतल्या कळा हव्या असतात. कळ वाचण्याच्या एकूण तीन पातळ्या आहेत. टर्मिनलमधून येणारी अक्षरे वाचणे ही पहिली, आपल्या स्वतःच्या खिडकीला मिळणाऱ्या कळ-घटना वाचणे ही दुसरी, आणि कोणत्याही प्रोग्राममध्ये दाबलेली कळ पकडणे ही तिसरी. पायथॉनमध्ये तिन्ही शक्य आहेत, पण तिन्हींची साधने, मर्यादा आणि परवानग्या पूर्णपणे वेगळ्या आहेत, आणि गरजेपेक्षा वरची पातळी निवडली की ऑपरेटिंग सिस्टिमशी विनाकारण झगडावे लागते. या प्रोग्रामला दुसरी पातळी पुरते. तरीही पहिल्या आणि तिसऱ्या पातळीविषयी सविस्तर लिहितो, कारण हा विषय शोधताना सापडणारी बहुतेक उत्तरे त्या दोन पातळ्यांची असतात आणि ती एकमेकांत मिसळलेली असतात.

टर्मिनलपासून सुरुवात करू. पायथॉनचे इनपुट हे फंक्शन एंटर दाबेपर्यंत थांबते, याला पायथॉन जबाबदार नाही. लिनक्स आणि मॅकवर टर्मिनल आणि प्रोग्राम यांच्यामध्ये कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, एक थर असतो. तो पूर्ण ओळ जमा करतो, बॅकस्पेसची दुरुस्ती स्वतःच करतो, कंट्रोल-सी आल्यास प्रोग्रामला थांबण्याचा सिग्नल देतो आणि एंटर आल्यावरच ओळ पुढे सोडतो. त्याला ही सवय सोडायला सांगण्यासाठी टर्मिओस आणि टीटीवाय ही दोन मॉड्यूल पायथॉनसोबतच येतात. टीटीवायमधील सेटसीब्रेक वापरले की ओळ जमा करणे आणि अक्षर पडद्यावर उमटवणे बंद होते, पण कंट्रोल-सी पूर्वीसारखेच चालू राहते. सेटरॉ वापरले तर कंट्रोल-सीसुद्धा साधा बाइट म्हणून हाती येते आणि प्रोग्राम बंद करण्याची जबाबदारी आपल्यावर पडते. बहुतेक कामांना सेटसीब्रेक पुरेसे असते आणि मी तेच सुचवतो.

टर्मिनलची ही मांडणी बदलण्याआधी जुनी मांडणी टीसीगेटअॅट्रने वाचून ठेवावी आणि ट्राय-फायनलीच्या फायनली भागात टीसीसेटअॅट्रने परत बसवावी. पायथॉन ३.१२ पासून सेटसीब्रेक आणि सेटरॉ जुनी मांडणी स्वतःच परत देतात, त्यामुळे कोडची एक ओळ कमी लिहावी लागते. फायनली विसरल्यास प्रोग्राम मध्येच कोसळल्यावर टर्मिनलमध्ये टाइप केलेले दिसेनासे होते. तसे झाल्यास खिडकी बंद करण्याची गरज नसते. न दिसता ‘रीसेट’ टाइप करून एंटर दाबावे, टर्मिनल जागेवर येते.

याच ठिकाणी एक दोष वारंवार आढळतो आणि तो शोधायला फार वेळ लागतो, म्हणून जवळून दाखवतो. कळ आली आहे का हे सिलेक्ट या फंक्शनने विचारायचे आणि आली असेल तर स्टँडर्ड इनपुटच्या रीड फंक्शनने एक अक्षर घ्यायचे, असा कोड सर्रास लिहिला जातो. वरच्या बाणाची कळ दाबली की टर्मिनल सहसा २७, ९१ आणि ६५ असे तीन बाइट पाठवते. रीडने एकच अक्षर मागितले असले तरी पायथॉनचा बफर, म्हणजे वाचलेले बाइट तात्पुरते ठेवण्याची जागा, उपलब्ध असलेले तिन्ही बाइट उचलून आपल्याजवळ ठेवतो आणि त्यातला पहिला आपल्याला देतो. पुढच्या फेरीत सिलेक्ट कर्नलला विचारतो, आणि कर्नलकडे आता काहीच उरलेले नसते, म्हणून ‘कळ आलेली नाही’ असे उत्तर मिळते. उरलेले दोन बाइट पुढची कळ दाबेपर्यंत अडकून राहतात आणि तिच्या आधी बाहेर येतात. बाण दाबल्यावर काही होत नाही आणि नंतरच्या कळेला भलतीच अक्षरे येतात, अशी तक्रार असेल तर कारण बहुधा हेच असते. उपाय सोपा आहे. बफर असलेले रीड वापरू नये. ओएस मॉड्यूलातील रीडने फाइल-क्रमांकावरून थेट बाइट घ्यावेत आणि त्यांचा अर्थ आपण लावावा.

अर्थ लावताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एस्केप ही कळ एकटी दाबली तर फक्त २७ येतो आणि बाणाच्या क्रमाची सुरुवातही २७ नेच होते, त्यामुळे २७ आल्यावर थोडा वेळ थांबून आणखी बाइट येतात का हे पाहण्यावाचून गत्यंतर नसते. टर्मिनलचा पडदा हाताळणारी कर्सेस लायब्ररी यासाठी मुळात १००० मिलिसेकंद थांबते आणि त्यामुळे एस्केप कळ सुस्त वाटते, पायथॉन ३.९ पासून सेटएस्कडिलेने ती मुदत कमी करता येते. दुसरी गोष्ट मराठीची. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड चिन्हे बाइटांत साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते; ‘क’ म्हणजे २२४, १६४, १४९. एकेक बाइट घेऊन लगेच डिकोड करायला गेल्यास पहिल्याच बाइटला एरर येते. कोडेक्स मॉड्यूलात टप्प्याटप्प्याने डिकोड करणारा इन्क्रिमेंटल डिकोडर आहे, तो अपुरे बाइट स्वतःजवळ ठेवतो आणि चिन्ह पूर्ण झाल्यावरच देतो. तोच वापरावा.

विंडोजवर टर्मिओस नाही, आणि तिथला सिलेक्ट फक्त सॉकेटवर चालतो. तिथे एमएसव्हीसीआरटी हे मॉड्यूल आहे. त्यातले केबीहिट कळ आली आहे का ते सांगते आणि गेटडब्ल्यूसीएच ती युनिकोडमध्ये देते. बाण, फंक्शन कळा वगैरे दोन टप्प्यांत येतात, म्हणजे आधी ० किंवा २२४ आणि मग कळेचा क्रमांक. वरच्या बाणासाठी २२४ आणि ७२. युनिकोडमध्ये २२४ हा फ्रेंच भाषेतील एका स्वरचिन्हाचाही क्रमांक आहे, त्यामुळे त्या भाषेच्या कीबोर्डवर घोटाळा होऊ शकतो. मराठीसाठी याची चिंता नाही. हे मॉड्यूल खऱ्या कन्सोलवरच काम करते. आयडल या पायथॉनसोबतच्या एडिटरमध्ये किंवा दुसऱ्या एखाद्या एडिटरच्या आतल्या पट्टीत प्रोग्राम चालवून कळा मिळत नाहीत असे म्हणण्याआधी तो कमांड प्रॉम्प्टमधून चालवून पाहावा.

म्हणजे टर्मिनलपुरतेसुद्धा एकच कोड तिन्हीकडे चालत नाही. पायथॉन ३.१३ मध्ये जो नवा संवादी प्रॉम्प्ट आला, त्याच्या आतसुद्धा युनिक्ससाठी एक फाइल आणि विंडोजसाठी दुसरी अशीच रचना आहे. ती दोन तोंडे स्वतः लिहायची नसतील तर प्रॉम्प्ट-टूलकिट ही लायब्ररी घ्यावी. आयपायथॉन हा पायथॉनचा लोकप्रिय संवादी प्रॉम्प्ट २०१६ पासून तिच्यावर उभे आहे आणि वर सांगितलेल्या सगळ्या खाचाखोचा तिने आधीच हाताळल्या आहेत.

टर्मिनलची खरी मर्यादा मात्र वेगळीच आहे आणि या प्रश्नापुरती ती निर्णायक आहे. टर्मिनलमधून प्रोग्रामकडे अक्षरे येतात, कळा येत नाहीत. कळ सोडल्याची बातमी टर्मिनल देत नाही, नुसती शिफ्ट दाबल्याची देत नाही, टॅब आणि कंट्रोल-आय यांत फरक करत नाही. काही नव्या टर्मिनलांनी यासाठी वाढीव पद्धती आणल्या आहेत, पण विद्यार्थ्यांच्या संगणकावर त्या असतील असे धरून चालता येत नाही. कळ किती वेळ दाबून धरली हे मोजायचे असेल तर टर्मिनल सोडावेच लागते.

आता तिसरी पातळी, जिथे प्रश्नकर्ते अडकले आहेत. पिनपुट प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमवर आतून वेगळी यंत्रणा वापरते, म्हणून तिची वागणूकही वेगळी दिसते.

विंडोजवर ती कीबोर्डचा खालच्या पातळीवरचा हुक, म्हणजे प्रत्येक कळ आधी आपल्याकडे वळवणारा दुवा, बसवते. परवानगी विचारली जात नाही, म्हणून ती लगेच चालते. पण हा हुक सगळ्या संगणकाच्या कळांच्या वाटेत बसतो. कळ आल्यावर बोलावले जाणारे आपले कॉलबॅक फंक्शन परत येईपर्यंत कळ पुढे जात नाही, म्हणून त्यात फाइल लिहिणे, डेटाबेसला जोडणे किंवा छापणे असली कामे केली तर संपूर्ण संगणकाचे टायपिंग अडखळते, आणि फार उशीर झाल्यास विंडोज तो हुक गुपचूप काढून टाकते. प्रोग्राम चालू दिसतो, कळा मात्र येणे थांबते. कॉलबॅकमध्ये घटनेची वेळ टिपून ती घटना क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, टाकावी, एवढेच करावे. बाकीचे काम दुसऱ्या थ्रेडने करावे. शिवाय प्रशासकाच्या अधिकाराने चालणारी खिडकी समोर असेल तर साध्या अधिकाराच्या प्रोग्रामला तिच्यातल्या कळा मिळत नाहीत. ती सुरक्षेची तरतूद आहे, दोष नाही.

मॅकवर २०१९ च्या कॅटलिनापासून कीबोर्डवर लक्ष ठेवण्यासाठी ‘इनपुट मॉनिटरिंग’ ही स्वतंत्र परवानगी लागते, आणि पिनपुटची ती सूचना अॅक्सेसिबिलिटीच्या परवानगीबद्दल असते. सिस्टिम सेटिंग्जमध्ये गोपनीयता आणि सुरक्षा या विभागात दोन्ही ठिकाणी ती द्यावी लागते. लोक फसतात ते असे, की परवानगी आपल्या पायथॉन फाइलला मिळत नाही; ज्या अॅपमधून ती फाइल चालवली त्या अॅपला मिळते. टर्मिनलमधून चालवली तर टर्मिनलला, एडिटरमधून चालवली तर एडिटरला. परवानगी दिल्यावर ते अॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडावे. एवढे केल्यावरही पासवर्डच्या रकान्यात टाइप केलेल्या कळा मिळत नाहीत, आणि त्या मिळू नयेत हेच योग्य आहे.

उबुंटूवरचे अर्धवट चालणे हे वेलँडमुळे, म्हणजे लिनक्सवर खिडक्या आणि कळा सांभाळणाऱ्या नव्या यंत्रणेमुळे, आहे. तिच्या जागी आधी असलेल्या एक्स-११ मध्ये कोणताही प्रोग्राम इतर सर्व खिडक्यांतल्या कळा ऐकू शकत असे, आणि पिनपुट त्याच सोयीवर अवलंबून आहे. वेलँडमध्ये ज्या खिडकीवर फोकस आहे तिलाच कळ मिळते, हा मूळ आराखड्याचाच भाग आहे. एक्स-११ साठी लिहिलेले जुने प्रोग्राम वेलँडमध्ये एक्सवेलँड या मधल्या थरावर चालतात. पिनपुटला फक्त त्यांच्यातल्या कळा दिसतात, म्हणूनच काही खिडक्यांत यश आणि काहींत अपयश. खात्री करायची असल्यास एक्सडीजी-सेशन-टाइप या पर्यावरण-चलाची किंमत पाहावी. तिथे ‘वेलँड’ लिहिलेले आढळेल. लॉगिनच्या वेळी झॉर्ग, म्हणजे एक्स-११ चे सत्र, निवडा हा सल्ला अजून अनेक ठिकाणी वाचायला मिळतो, पण उबुंटू २५.१० मध्ये ग्नोम या तिथल्या डेस्कटॉपचे ते सत्रच राहिलेले नाही, त्यामुळे नवा प्रोग्राम त्या भरवशावर लिहू नये.

लिनक्सवर याच्याही खाली जाता येते. कर्नल प्रत्येक कीबोर्डची एक फाइल डेव्ह-इनपुट या फोल्डरात ठेवतो आणि इव्हीडेव्ह या पायथॉन लायब्ररीने ती वाचता येते. तिथे एक्स-११ किंवा वेलँडचा प्रश्न उरत नाही. प्रत्येक घटनेत वेळ, प्रकार, कळेचा क्रमांक आणि किंमत असते. किंमत १ म्हणजे दाबली, ० म्हणजे सोडली, २ म्हणजे दाबून धरली आहे. वेळ कर्नलने स्वतः टाकलेली असते, म्हणून मोजमाप चांगले मिळते. स्वतःच्या यंत्रावर प्रयोग करण्यासाठी, रास्पबेरी पायला कीबोर्ड किंवा बारकोड स्कॅनर जोडून काही करण्यासाठी हा उत्तम मार्ग आहे. विद्यार्थ्यांच्या संगणकांसाठी मात्र मी तो सुचवणार नाही, कारण त्यासाठी वापरकर्त्याला इनपुट गटात घालावे लागते, आणि तसे केले की त्या वापरकर्त्याच्या नावाने चालणारा कोणताही प्रोग्राम सगळ्या कळा, पासवर्डसह, वाचू शकतो. एका सरावाच्या प्रोग्रामासाठी संपूर्ण संगणकाची सुरक्षा सैल करणे योग्य नाही. कीबोर्ड नावाची दुसरी एक लोकप्रिय लायब्ररी लिनक्सवर रूटचे, म्हणजे सर्वोच्च, अधिकार मागते, तीही याच कारणासाठी टाळावी.

राहिली दुसरी पातळी, म्हणजे आपली स्वतःची खिडकी. इथे परवानगीचा प्रश्नच येत नाही. आपल्या खिडकीवर फोकस असताना तिला कळा मिळणे हा प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमचा नेहमीचा व्यवहार आहे, मग वेलँड असो की मॅक. पायथॉनसोबत येणारे टीकेइंटर हे खिडक्या बनवण्याचे मॉड्यूल कीप्रेस आणि कीरिलीज या दोन्ही घटना देते, आणि इंग्रजी सरावासाठी ते पुरेसे आहे. मराठीसाठी मात्र मी ते घेणार नाही. टीकेइंटर ज्याच्यावर उभे आहे ते टीके ८.६ लिनक्सवर देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळवून दाखवत नाही. वेलांटी चुकीच्या जागी आणि पाय मोडलेले सुटे अक्षर असा मजकूर विद्यार्थ्यापुढे ठेवणे बरोबर नाही. पायसाइड-६ वापरावे, म्हणजे क्यूटी ही खिडक्या बनवण्याची लायब्ररी पायथॉनमधून वापरता येते. तिथे जोडाक्षरे व्यवस्थित दिसतात, आणि कळ-घटनेसोबत तिची वेळ, तिचा स्कॅन कोड (कीबोर्डने दिलेला कळेचा क्रमांक) आणि ती आपोआप पुन्हा उमटलेली आहे का ही खूण, तिन्ही मिळतात.

ही खूण महत्त्वाची आहे. कळ दाबून धरली की ऑपरेटिंग सिस्टिम तीच कळ पुन्हा पुन्हा पाठवते. विंडोजवर अशा वेळी ‘दाबली, दाबली, दाबली’ आणि शेवटी एकदा ‘सोडली’ असे येते. एक्स-११ वर प्रत्येक पुनरावृत्तीला ‘सोडली, दाबली’ अशी जोडी येते, जणू बोट उचलून पुन्हा टेकवले आहे. हे गाळले नाही तर एकाच विद्यार्थ्याचा एकाच धड्यातला कळ धरण्याचा सरासरी वेळ दोन संगणकांवर वेगळा निघेल. क्यूटीमध्ये इजऑटोरिपीट खरे असेल ती घटना, दाबलेली असो वा सोडलेली, सोडून द्यावी. शिवाय सध्या दाबलेल्या कळांचा एक संच स्वतः ठेवावा आणि खिडकीचा फोकस गेला की तो रिकामा करावा. कळ दाबून ठेवूनच दुसऱ्या खिडकीत गेल्यास ती सोडल्याची बातमी आपल्याला येत नाही, आणि नोंदीत ती कळ कायमची दाबलेली राहते.

मराठी टंकलेखनाच्या दृष्टीने आता सर्वात महत्त्वाचा भाग. कळ आणि अक्षर या दोन वेगळ्या नोंदी आहेत आणि त्या फाइलमध्ये वेगळ्याच ठेवाव्या लागतात. ‘नमस्कार’ हा शब्द घ्या. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाणित कीबोर्ड-मांडणीवर तो न, म, स, हलन्त, क, काना, र अशा सात कळांनी उमटतो. ध्वन्यात्मक पद्धतीने इंग्रजी अक्षरांतून लिहिणारा विद्यार्थी त्याच शब्दासाठी आठ कळा दाबतो आणि बहुधा शेवटी स्पेसही. फाइलमध्ये युनिकोडची चिन्हे सात साठतात, यूटीएफ-८ मध्ये त्यांचे बाइट २१ होतात, आणि वाचणाऱ्याला दिसतात न, म, स्का, र ही चारच अक्षरे. गती मोजताना यातला कोणता आकडा धरला यावर निकाल बदलतो. पायथॉनचे लेन हे फंक्शन सात सांगेल. त्याला अक्षरसंख्या समजून मिनिटाचे शब्द काढले तर जोडाक्षरे अधिक असलेल्या उताऱ्यात विद्यार्थी उगाचच वेगवान ठरेल. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेत मराठीसाठी ३० आणि ४० शब्द प्रतिमिनिट अशा गती असतात. सरावाचा आकडा त्यांच्याशी ताडून पाहायचा असेल तर आपण काय मोजतो आहोत हे प्रोग्रामच्या पहिल्याच पानावर लिहिलेले असावे.

उलट दिशेनेही असेच आहे. पारंपरिक इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह ७ दाबले की ‘क्ष’ येतो, म्हणजे एका कळेतून क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हे. एका घटनेला एक चिन्ह असे गृहीत धरून रचलेला कोड इथे कोसळतो. ध्वन्यात्मक पद्धतीत तर मजकूर कळांबरोबर येतच नाही. तो इनपुट मेथडकडून, म्हणजे इंग्रजी अक्षरांचे मराठीत रूपांतर करणाऱ्या सिस्टिममधल्या साधनाकडून, शब्द पक्का झाल्यावर, वेगळ्या घटनेने येतो, आणि मधल्या कळा तिने स्वतःकडे ठेवल्या तर कीप्रेस आपल्या खिडकीपर्यंत पोहोचेलच असे नाही. म्हणून क्यूटीमध्ये इनपुटमेथडइव्हेंट हाताळावे, त्यातला पक्का झालेला मजकूर नोंदवावा, आणि कळनिहाय वेळेचे विश्लेषण इनस्क्रिप्टसारख्या थेट मांडणीपुरतेच ठेवावे. दोन्ही पद्धतींच्या विद्यार्थ्यांची कळ धरण्याच्या वेळेवरून तुलना करणे चुकीचे ठरेल. कृती देवसारख्या जुन्या फाँटवर सराव झालेले विद्यार्थी असतील तर आणखी एक सावधगिरी लागते. त्या फाँटमध्ये पडद्यावर मराठी दिसत असले तरी आत लॅटिन अक्षरांचेच क्रमांक साठवलेले असतात, त्यामुळे युनिकोड उताऱ्याशी थेट तुलना केल्यास प्रत्येक अक्षर चूक ठरते.

कळ ओळखण्यासाठी कोणता क्रमांक नोंदवायचा, हाही प्रश्न आहे. कीबोर्डवर इंग्रजी ‘के’ छापलेली कळ घ्या, जी इनस्क्रिप्टमध्ये ‘क’ देते. लिनक्स कर्नल तिला ३७ म्हणतो, एक्स-११ त्यात ८ मिळवून ४५ म्हणतो, आणि विंडोजचा आभासी कळ-क्रमांक ७५ असतो. मॅकवर क्यूटीचा स्कॅन कोड शून्य येतो आणि तिथे आभासी कळ-क्रमांक घ्यावा लागतो. हे क्रमांक जसेच्या तसे फाइलमध्ये टाकले तर तिन्ही संगणकांच्या नोंदी एकत्र करता येणार नाहीत. प्रत्येक सिस्टिमसाठी एक छोटा तक्ता करावा आणि त्यावरून कळेला तिच्या जागेचे नाव द्यावे, उदाहरणार्थ मधल्या ओळीतली डावीकडून आठवी अक्षरकळ. विद्यार्थ्याचे कोणते बोट कमजोर आहे हे सांगायला जागाच उपयोगी पडते. मूळ क्रमांकही शेजारी ठेवावा, म्हणजे तक्त्यात चूक निघाली तर जुन्या नोंदी वाया जात नाहीत.

वेळेसाठी टाइम मॉड्यूलातील टाइम हे फंक्शन वापरू नये. संगणकाचे घड्याळ इंटरनेटवरून दुरुस्त होते आणि मध्येच मागे गेले तर कळ दाबण्याआधीच सुटल्याची नोंद होते. अंतरे मोजण्यासाठी परफ-काउंटर-एनएस वापरावे आणि सत्र सुरू झाल्याची तारीख-वेळ तेवढी एकदाच साध्या घड्याळावरून लिहावी. घटनेसोबत आलेली वेळ मिळत असेल तर तीही नोंदवावी, कारण आपला प्रोग्राम पडदा रंगवण्यात गुंतला असताना घटना आपल्यापर्यंत उशिरा पोहोचते. अचूकतेचा हव्यास मात्र धरू नये. साध्या यूएसबी कीबोर्डला संगणक सेकंदाला १२५ वेळा विचारतो, म्हणजे मुळातच ८ मिलिसेकंदांची खोट आहे; त्यापुढे मायक्रोसेकंद छापण्यात अर्थ नाही.

नोंदीसाठी प्रत्येक ओळीत एक जेसन वस्तू (नाव आणि किंमत अशा जोड्यांचा मजकूर) ही मांडणी मला सर्वात सोयीची वाटते. प्रोग्राम मध्येच बंद पडला तरी आधीच्या ओळी शाबूत राहतात, जे एकाच मोठ्या जेसन फाइलच्या बाबतीत होत नाही. पहिल्या ओळीत सत्राची माहिती असावी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, कीबोर्डची मांडणी, धड्याचा क्रमांक आणि नोंदीच्या रचनेची आवृत्ती. पुढच्या प्रत्येक ओळीत घटनेचा प्रकार, कळेची जागा, मूळ क्रमांक आणि सत्र सुरू झाल्यापासूनची वेळ; मजकूर पक्का झाला तर त्याची स्वतंत्र ओळ. फाइल लिहिताना यूटीएफ-८ स्पष्ट नमूद करावे, कारण विंडोजवर पायथॉन ३.१४ पर्यंतचे मूळ एन्कोडिंग वेगळे असते आणि देवनागरी लिहिताना एरर येते. जेसन मॉड्यूलाला एन्शुअर-आस्की बंद करायला सांगावे, नाहीतर ‘क’ ऐवजी त्याचा युनिकोड क्रमांक फाइलमध्ये दिसेल. संगणकाला चालेल, पण फाइल उघडून पाहणाऱ्या शिक्षकांना वाचता येणार नाही.

संमतीचा विषय मी तांत्रिक भागाइतकाच महत्त्वाचा मानतो. दुसऱ्याच्या संगणकावर त्याच्या नकळत कळांची नोंद ठेवणे हा भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली येऊ शकणारा प्रकार आहे. कलम ६६ मध्ये तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. आपल्या खिडकीपुरती नोंद ठेवणारा प्रोग्राम या धोक्यापासून रचनेनेच दूर राहतो, आणि दुसरी पातळी सुचवण्यामागे माझे हेही एक कारण आहे. तरीही प्रत्येकाच्या कळांमधल्या वेळांची ठेवण वेगळी असते आणि तिच्यावरून माणूस ओळखता येतो, म्हणून ती नोंद वैयक्तिक माहितीच समजावी. विद्यार्थी अठरा वर्षांखालील असतील तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. सत्र सुरू होताना नोंद होत असल्याचे मराठीत स्पष्ट दाखवावे, नोंद चालू असेपर्यंत ती खूण पडद्यावर ठेवावी, नावाऐवजी क्रमांक वापरावा, आणि धड्याबाहेरचा मजकूर, मग तो याच खिडकीतल्या नावाच्या रकान्यातला असला तरी, नोंदवू नये.

प्रोग्राम लिहून झाल्यावर तिन्ही संगणकांवर एकच छोटी चाचणी घ्यावी. इनस्क्रिप्ट निवडून ‘क’ एकदा दाबावा. मग तो दोन सेकंद दाबून धरावा. मग शिफ्ट धरून तीच कळ दाबून ‘ख’ काढावा आणि आधी शिफ्ट सोडावी, नंतर कळ. शेवटी ‘क’ दाबून ठेवूनच दुसऱ्या खिडकीत जाऊन परत यावे. तिन्ही फाइलमध्ये कळेची जागा एकच दिसली पाहिजे, दाबून धरलेल्या कळेची एकच जोडी असली पाहिजे, ‘ख’ च्या वेळी दाबलेली आणि सोडलेली कळ एकच ठरली पाहिजे, आणि शेवटच्या ‘क’ पुढे फोकस गेल्यामुळे नोंद बंद केल्याची खूण असली पाहिजे. तिसऱ्या पायरीत बहुतेक प्रोग्राम चुकतात, कारण दाबताना ‘ख’ आणि सोडताना ‘क’ अशी अक्षरावरून जोडी लावली जाते. जोडी जागेवरून लावली की ती चूक निघून जाते.